मुईमावशीच्या पाच कुप्या

दोंग सा आरोग्य केंद्र
रविवार, ६ मार्च २०१६

चि. किएन यास,

लुआताईचे आशीर्वाद. वान आणि मुलं बरी असतील. इकडे सगळं जसं असायचं तसंच. आठ दिवस नुसती भुरभुर चालू आहे, फरशीला घाम फुटलाय, धुतलेले कपडे तिसऱ्या दिवशीही ओलेच. भाताची लावणी आटोपली. बाबांच्या श्राद्धाला तू आला नाहीस, तेव्हा तुझ्या वाटणीची कोंबडीची तंगडी आणि चिकट भात मी मुईमावशीकडे पोचवला. सगळ्यांनी विचारलं, धाकटे साहेब कुठे दिसत नाहीत. मी म्हटलं, कामात आहेत. हल्ली तुझ्यासाठी खोटं बोलायची मला चांगलीच सवय झालीय.

फोन तू उचलत नाहीस. म्हणून हे हाताने लिहून हनोईच्या बसवाल्याकडे देतेय. तो तुझ्या इन्स्टिट्यूटच्या फाटकावर देऊन येईल. फाडायचं असेल तर वाचून फाड.

तुझा अहवाल आला. जिल्ह्याच्या ऑफिसाने एक प्रत केंद्रात फायलीला लावायला पाठवली. मी तीन वेळा वाचला. पहिल्या वेळी वाटलं, मलाच कळत नाहीये. "खरी लस मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांमध्ये आजाराच्या प्रमाणात फरक आढळला नाही. लस निष्प्रभ." आणि त्याच्या आदल्या पानावर काय, तर "सर्व मात्रा आरोग्य सेविकेच्या देखरेखीखाली देण्यात आल्या." हे वाक्य लिहिताना तुला जराही लाज वाटली नाही का रे? गेल्या जूनमध्ये मी तुला काय सांगितलं होतं?

विसरला असशील तर परत सांगते. मी डासांच्या अळ्या बघायला घरोघर फिरत होते. पाण्याचे रांजण तपासायचे, झाकणं आहेत का बघायचं, एवढंच काम. तर एका घरी फ्रिजच्या दारात, मासळीच्या रसाच्या बाटलीमागे, तुझ्या लसीच्या कुप्या. चार. मान न मोडलेल्या. दुसऱ्या घरी बिस्किटांच्या डब्यात. तिसऱ्या घरी पूर्वजांच्या देव्हाऱ्याच्या खणात, अगरबत्तीच्या पुड्याशेजारी. मी काही शोधत नव्हते, तरी अकरा घरांत सापडल्या. मग मी विचारायला लागले. एकीने दोन नातवंडांत अर्धी अर्धी वाटली, कारण एकाला द्यायची आणि दुसऱ्याला नाही हे आजीच्या मनाला पटेना. एकीच्या थोरल्याचं परीक्षेच्या दिवशी पोट बिघडलं, तर धाकट्याच्या सगळ्या कुप्या त्याच्या पोटात. आणि बाकीच्यांनी नुसत्या जपून ठेवल्या. "पोर खेळतंय, हसतंय, मग औषध कशाला वाया घालवू, लुआ? पोट बिघडलं की देईन."

त्यांचं काय चुकलं, सांग. आपल्याकडे प्रत्येक औषधाच्या दुकानात तशाच प्लॅस्टिकच्या कुप्या मिळतात, जुलाबाला, अपचनाला. पोराचं पोट ढिलं झालं की मान मोडायची आणि तोंडात पिळायची. आई करते, आजी करते, माझ्या लहानपणापासून हेच. आणि तू नेमकी तीच कुपी निवडलीस. मी तुला याच केंद्राच्या पायरीवर म्हटलं होतं, "किएन, ही कुपी नको, लोक गोंधळतील." तू हसलास. "ताई, ओळखीची वाटेल म्हणूनच तर घेतली. लोक घाबरणार नाहीत." मी म्हटलं, "ओळखीची वाटेल म्हणूनच म्हणतेय." तर तू म्हणालास, "तू इंजेक्शनं दे, कुपीचं आम्ही बघतो." ते बोलणं मी विसरलेले नाही.

तुझ्या बीजाणूंचं कौतुक मला तुझ्याइतकंच होतं, हेही लिहून ठेवते. तू पहिल्यांदा समजावलंस तेव्हा मी रात्री यांना सांगत बसले होते, की हा जंतू म्हणजे सुकवलेलं बी, उकळलं तरी मरत नाही, पोटात गेलं की जागं होतं, आणि याच्या सालीवर प्रयोगशाळेतल्या पोरांनी थंडीतल्या जुलाबांच्या आजाराची खूण चिकटवलीय, म्हणजे पोट ती खूण ओळखायला शिकेल. सुई नको, बर्फ नको. शहरात विकत मिळते ती लस आपल्या लोकांना परवडत नाही, आणि इथे उन्हाळ्यात दिवसातून तीनदा वीज जाते. मी एकोणसाठ घरांत जाऊन सांगितलं की माझ्या भावाचं औषध आहे, मुलं द्या. त्यांनी तुझ्या पदवीकडे बघून दिली नाहीत. माझ्या तोंडाकडे बघून दिली.

जूनमध्ये हे सगळं फोनवर ऐकल्यावर तू काय म्हणालास? "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. आता गप्प बस, मी बघतो." आणि बघितलंस ते हे. लस चालली नाही म्हटलं की कोणाचंच काही जात नाही. विज्ञान आहे, कधी चालतं, कधी नाही. पण चाचणीच नीट झाली नाही म्हटलं, तर बाहेरच्या देशातले पैसे देणारे तुला पुन्हा दारात उभं करणार नाहीत, आणि तुझी विभागप्रमुखाची खुर्ची जाईल. म्हणून सगळा दोष लसीवर ढकललास, तिला काही तोंड नाही म्हणून.

मी काही तुझी लस चालते असं म्हणत नाही. मला काय माहीत? मी एवढंच म्हणते की ती चालते का, हे आपण बघितलंच नाही. आणि तू लिहिलंस, बघितलं.

एकोणसाठ मुलांपैकी एक गेलं. मुईमावशीची नात, तेप. दहा महिन्यांची. तिच्यासाठी तुझ्या अहवालात एक ओळ आहे: "एक मृत्यू, लसीशी संबंध नाही, मुलीस सहाही मात्रा मिळाल्या होत्या." या ओळीबद्दल मी आज काही लिहीत नाही. मात्रांच्या नोंदींच्या कागदांचंही नंतर बघू.

अठरा तारखेला समिती बसणार आणि हे काम कायमचं बंद करणार, असं अहवालाच्या शेवटी आहे. त्याआधी तो मागे घे. या थंडीत माझ्या केंद्रात तेवीस पोरं जुलाबाने डोळे खोल गेलेली आली, पुढच्या थंडीत आणखी येतील. तू मागे घेतला नाहीस तर मी येईन, आणि मला तिथे कुठे उभं राहायचं ते कोणी सांगायची गरज पडणार नाही.

तुला लहानाचा मोठा करणारी आणि आज त्याचा पश्चात्ताप न करण्यासाठी फार प्रयत्न करणारी,
लुआताई


दोंग सा
रविवार, १३ मार्च २०१६

किएन,

आशीर्वाद वगैरे आहेतच. बुधवारी तू फोन केलास. चार महिन्यांनी पहिला. मला वाटलं, पत्राने पाझर फुटला असेल. तू माझी तब्येतसुद्धा विचारली नाहीस.

तू दोनच गोष्टी बोललास. एक, "ताई, त्या कागदांवर सह्या कोणाच्या आहेत?" आणि दुसरी, "मुईमावशीला काय सांगशील? कोणाच्या कुपीत खरी लस, कोणाच्या कुपीत नुसतंच पाणी, ते नंबर उघडल्यावर निघालं, मी तुला सांगितलंय, तेपला खरी लस होती. तिच्या कपाटातही कुप्या होत्या, हे तूच जूनमध्ये म्हणालीस. तिथे नातीची लस पडून होती आणि नात मेली, हे सांगशील तिला? म्हातारी जगेल का?" मी फोन ठेवला. तू माझं तोंड बंद केलंस हे खरं.

तर आता आधी सह्यांचं. हो, माझ्या आहेत. गेल्या पत्रात मी ते टाळलं, कारण तुझ्यावर ओरडणं सोपं होतं. पहिली कुपी प्रत्येक मुलाने माझ्यासमोर केंद्रात घेतली. बाकीच्या पाच घरी. मी रोज सकाळी जायचं, पोराने गिळलेली बघायची आणि चौकटीत सही करायची, असं ठरलं होतं. पहिले दोन दिवस जमेल तेवढ्या घरी गेले. पण नंतरचे तीन दिवस नेमके ऑक्टोबरच्या कापणीत आले. वादळाची सूचना होती, सगळं गाव शेतात, माझंही भात उभं होतं. एकोणसाठ घरं आणि मी एकटी. वाटेत आज्या भेटल्या की विचारायची, "दिली ना गं?" "दिली, दिली." आणि संध्याकाळी ओट्यावर बसून सह्या ठोकायची. दोनशे पंच्याण्णव सह्यांपैकी मी डोळ्यांनी बघून केलेल्या फार तर सत्तर असतील. तू मला कधी विचारलं नाहीस, कारण तुला तेच हवं होतं. पण पेन माझ्या हातात होतं.

आणि दुसरी गोष्ट, जी तुला माहीत नाही. यांनाही माहीत नाही.

त्याच वर्षी, २०१४ च्या डिसेंबरात, मला मुईमावशीकडून बोलावणं आलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते. थाम, तेपची आई, शिवणाच्या कारखान्यात, दीडशे किलोमीटर लांब. घरात आजी आणि नात, दोघीच. तेपचे डोळे आत गेले होते, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. आदल्या दुपारपासून जुलाब चालू होते. मी म्हटलं, "मावशी, काल दुपारी का नाही आणलंत?" ती म्हणाली, "औषध दिलं होतं. किएनचं औषध. दुकानातल्यापेक्षा भारी असणार, म्हटलं उतरेल." चटईवर उशीशेजारी तीन कुप्या पडल्या होत्या, मान मोडलेल्या. दुपारी एक, संध्याकाळी एक, मध्यरात्रीनंतर एक.

कळलं का तुला? घरात ते औषध नसतं, तर तिने संध्याकाळीच पोर उचलून माझ्याकडे आणलं असतं. साखर-मिठाच्या पाण्याने वाचली असती. दर थंडीत वाचतात.

मावशी पोराला गुंडाळायला पांघरूण आणायला आत गेली, आणि मी त्या तीन कुप्या उचलून कोटाच्या खिशात टाकल्या. मग तेपला छातीशी बांधून गाडी काढली. जिल्ह्याच्या दवाखान्याच्या अलीकडे, पुलावर, ती गेली.

कुप्या का उचलल्या? तेव्हा मनाशी म्हटलं, म्हातारीला बोल लागायला नको. साफ खोटं. प्रत्येक कुपीवर तुमचा नंबर होता. त्या ऑक्टोबरात पोटात जायला हव्या होत्या, आणि माझी सही म्हणत होती की गेल्या. डिसेंबरात त्या तिथे सापडल्या असत्या तर पहिली मी अडकले असते. दहा महिन्यांचं पोर हातात मरत होतं आणि मी माझी नोकरी खिशात घालत होते. हे आज पहिल्यांदा लिहिलं. लिहून हलकं वगैरे काही वाटत नाही.

तर तुझी दुसरी गोष्ट. मुईमावशी. तू म्हातारीच्या पाठीमागे लपलास आणि मीही तिथेच लपले होते, म्हणून तुझं बोलणं मला इतकं लागलं. काल मी तिच्याकडे गेले.

ती चटईच्या मागावर एकटीच बसली होती. त्या मागाला दोन माणसं लागतात, एकाने लव्हाळा सारायचा, दुसऱ्याने ठोकायचं. थाम कारखान्यात गेल्यापासून ती एकटीच दोन्ही कामं करते, उठून या टोकाला, परत त्या टोकाला, दिवसाला अर्धी चटईसुद्धा होत नाही. मी लव्हाळा सारायला बसले. बरंच झालं, त्या कामात एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

मी म्हटलं, "मावशी, तेपचं थोडं बोलायचं होतं." ती ठोकत राहिली. मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुमच्याकडून काहीतरी उचललं."

"तीन कुप्या," ती म्हणाली. "पाहिलं होतं मी. पांघरूण दारातच होतं."

मी हातातला लव्हाळा खाली ठेवला. विचारलं, "मग पंधरा महिने बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू मला वाचवलंस. पोलिसांनी त्या बघितल्या असत्या तर मला धरून नेलं असतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, दिवसाला एक. मला वाचता येतं, लुआ. मी एका दिवसात तीन दिल्या. जड औषध, एवढंसं पोर. मी माझ्या हाताने विष घातलं तिला."

ऐकलंस? पंधरा महिने. ज्या म्हातारीला खरं सांगितलं तर ती जगणार नाही म्हणून आपण दोघं अळीमिळी गुपचिळी करून बसलो, ती रोज उठून हे मनात घेऊन चटया विणत होती. थामला तोंड दाखवायला नको म्हणून नव्या वर्षाला लेकीला घरी येऊ नको म्हणाली. गावाला वाटलं, म्हातारी तऱ्हेवाईक झाली. मलाही तेच वाटलं. मी तिच्या दारावरून रोज जाते.

मी सगळं सांगितलं. एकही गोष्ट ठेवली नाही. तीनच काय, तीस कुप्या दिल्या असत्या तरी पोराला काही झालं नसतं हे सांगितलं. पण ते जुलाबाचं औषध नव्हतं, आणि त्याच्या भरवशावर वेळ गेला, हेही सांगितलं. खोट्या सह्यांचं सांगितलं. त्यांत खरी लस होती, हे सांगितलं.

तिने दोन ओळी ठोकल्या. मग विचारलं, "म्हणजे आधी दिल्या असत्या, तर ती वाचली असती?"

"माहीत नाही, मावशी. कोणालाच माहीत नाही. तेच तर बघायचं होतं."

"मग बघितलं का?"

"नाही. पण बघितलं म्हणून लिहिलंय."

"कोणी?"

"किएनने."

"आपल्या किएनने?"

मी हो म्हटलं. आई गेली त्या वर्षी तू सहा महिने तिच्या चुलीवर जेवलास, ते तिला आठवलं असेल की नाही कोण जाणे. उठली, आत गेली, उरलेल्या दोन कुप्या घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाली, "त्याने काय लिहिलं तेपबद्दल? वाच."

मी वाचलं. "मुलीस सहाही मात्रा मिळाल्या होत्या." त्या दोन कुप्या आमच्या दोघींच्या मध्ये चटईवर होत्या.

किएन, तिचा इतका राग मी जन्मात पाहिला नव्हता. तिने अहवालाचं पान माझ्या हातून ओढून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या नातीबद्दल खोटं लिहिलंत तुम्ही. मेलेल्या पोराबद्दल." 'तुम्ही' म्हणाली. तू आणि मी, दोघं. मी मान खाली घातली. तूही घाल.

सगळं मी कागदावर लिहून काढलंय, सह्यांचं आणि कुप्यांचं. अकरा घरांतल्या बायकांनी त्यावर आपापली नावं घातली, कोणी आढेवेढे घेतले नाहीत. वर मावशीचं नाव आहे, तिने स्वतः लिहिलंय. हे पत्र आणि त्या कागदाची प्रत तुला मंगळवारी मिळेल. मूळ कागद समितीसाठी माझ्याकडे आहे. पाचही कुप्या माझ्याकडे आहेत. भरलेल्या दोन तुमच्याच प्रयोगशाळेत उघडा, आत बी अजून जिवंत असेल, तूच म्हणायचास वीस वर्षं मरत नाही. माझी नोकरी जाईल. जाऊ दे, जायलाच हवी. तुझं काय जाईल ते तू बघ. समितीपुढे माझ्या शेजारी उभा राहणार की समोर, तेही तूच ठरव. मला आता त्याची भीती नाही.

पण त्याआधी एक काम आहे, आणि ते मला करता आलं नाही. मी तिला परत परत सांगितलं, मावशी, विष नव्हतं, तुमच्या हातून काही झालं नाही, वेळ गेला तो आमच्या कुपीमुळे. तिला पटत नाही. म्हणते, "तू तर न बघता सह्या करतेस, तुझं मी कसं धरू? ज्याने ते बी बनवलं त्याच्या तोंडून ऐकते." म्हणून आम्ही दोघी गुरुवारी सकाळच्या बसने निघतोय. तिला बस लागते, गुडघे धरलेत, ती हनोईला कधी आलेली नाही. तुझ्या घरचे चार जिने ती चढेल. दार उघड, बसायला दे, पाणी दे, आणि तिच्या डोळ्यांत बघून सांग की तीन कुप्यांनी पोर मरत नाही. घरी नाहीस असं वानच्या तोंडून सांगायला लावलंस, तर ती जिन्यात बसून राहील, आणि मी तिच्याशेजारी.

पंधरा महिने, तुझ्याहूनही जास्त काळ गप्प बसलेली,
तुझी बहीण
लुआ